दुतोंड्या मारुती, शाळामास्तर आणि दोन क्रेडिट

२१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद थिएटरात काय घडलं, हे नाशिककरांना नव्याने सांगायला नको. कलेक्टर जॅक्सनची मुंबईला बदली झाली होती, त्याच्या निरोपासाठी ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग ठेवला होता आणि तिथेच अनंत कान्हेरे यांनी त्याला गोळ्या घातल्या. १९ एप्रिल १९१० ला कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. हा इतिहास आपल्या पाठ्यपुस्तकात आहे, शहरातल्या मैदानाच्या नावात आहे.

त्याच जॅक्सनच्या मागे कागदांचा एक ढीग उरला होता, त्याबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही. आज मला त्या ढिगापासून सुरुवात करायची आहे, कारण माझ्या संशोधनाच्या एका भागाशी त्याचा थेट संबंध आहे. मी पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि आता नदी, पाणी आणि त्याची नोंद ठेवणारी माणसं यावर पीएचडी करतेय. ‘सिटिझन सायन्स’ हा शब्द माझ्या आराखड्यात पाचपन्नास वेळा येतो. घरी विचारतात, “म्हणजे नेमकं काय गं?” तर सोपं उत्तर असं: ज्यांचा पेशा विज्ञान नाही अशा माणसांनी निरीक्षणं करून, मोजून, नोंदवून विज्ञानात भाग घेणं. मराठीत याला कुणी नागरिक विज्ञान म्हणतं, कुणी लोकविज्ञान. आता हे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात बसवायची चर्चा जोरात आहे आणि ती अशी चालते की जणू ही कल्पना कालच विमानातून उतरली. प्रत्यक्षात आपल्याकडे तिला शंभर वर्षांहून जुना इतिहास आहे. तो बघितला तर पुढे काय करावं आणि काय करू नये, हे बरंच स्पष्ट होतं.

मास्तरांची उत्तरं

जॅक्सन संस्कृतचा अभ्यासक होता, ‘पंडित जॅक्सन’ म्हणून ओळखला जायचा. मुंबई इलाख्यातल्या लोकसमजुती गोळा करण्यासाठी प्रश्नांच्या याद्या गावोगावच्या शाळामास्तरांकडे पाठवल्या गेल्या. ग्रहण लागलं की गावात काय करतात, पावसाने ओढ दिली की कोणाला साकडं घालतात, कोणत्या झाडाला हात लावत नाहीत, साथ आली की काय उपाय करतात, अशा तऱ्हेचे हे विषय. मास्तरांनी उत्तरं लिहून पाठवली. जॅक्सनच्या मृत्यूनंतर आर. ई. एन्थोव्हेन या दुसऱ्या अधिकाऱ्याने हे साहित्य संकलित केलं. १९१४ मध्ये गुजरातचा भाग आला, १९१५ मध्ये कोकणाचा.

कोकणाचा भाग उघडून बघा. पहिलंच प्रकरण सूर्य, चंद्र, ग्रहण, पाऊस या निसर्गशक्तींवर आहे. खाली तळटीपा आहेत आणि त्यातल्या बहुतेक एकाच साच्याच्या: ‘स्कूल मास्टर’, पुढे गावाचं नाव. पानामागून पानं असंच. मास्तरांचं नाव नाही. त्यांना ज्यांनी ही माहिती सांगितली, त्या माणसांचं तर नाहीच. पुस्तक इंग्रजीत, छापलं मुंबईत. ज्या गावांनी उत्तरं दिली त्या गावांत ते वाचणार कोण?

विज्ञानाच्या नजरेने बघितलं तर ही पद्धत चांगली होती. एकच प्रश्नावली शेकडो ठिकाणी पाठवायची, उत्तर कुठून आलं ते जपून ठेवायचं, मग उत्तरं शेजारी शेजारी मांडायची. आजही आम्ही हेच करतो, फक्त प्रश्नावली मोबाइलवर असते. कमतरता दुसरीकडे होती. प्रश्न वरून आला, उत्तर खालून गेलं आणि वाट तिथेच संपली. परतीची वाट कोणी आखलीच नव्हती.

एका शब्दाचे दोन अर्थ

‘सिटिझन सायन्स’ हा शब्द १९९० च्या दशकाच्या मध्यात दोन ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी वापरात आला आणि गंमत म्हणजे दोन वेगळ्या अर्थांनी. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीप्रयोगशाळेतले रिक बॉनी तो वापरत होते ते हौशी लोकांनी शास्त्रज्ञांसाठी माहिती गोळा करण्याच्या अर्थाने. ब्रिटनमध्ये अॅलन अर्विन या समाजशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये याच नावाचं पुस्तक लिहिलं. त्याचा रोख वेगळा होता: लोकांच्या गरजा आणि काळज्या यांना उत्तर देणारं विज्ञान, आणि त्या विज्ञानात लोकांच्या स्वतःच्या ज्ञानाला जागा.

पहिल्या अर्थात लोक विज्ञानाच्या उपयोगी पडतात. दुसऱ्यात विज्ञान लोकांच्या. दोन्ही लागतात, पण दोन्ही एकच नाहीत. जॅक्सनच्या प्रश्नावलीत पहिला अर्थ पुरेपूर होता, दुसरा शून्य. पुढची सगळी उदाहरणं मी याच दोन मापांनी तोलणार आहे.

दुतोंड्याच्या कमरेला पाणी

दुसऱ्या अर्थाचं सगळ्यात सुंदर उदाहरण आपल्या गोदाघाटावर उभं आहे. दुतोंड्या मारुती. पावसाळ्यात नाशिकच्या कुठल्याही घरात, रिक्षात, पेपरात एकच भाषा चालते: पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीपर्यंत गेलं. नारोशंकराच्या घंटेला पाणी लागलं म्हणजे तर महापूरच. १९६९ चा पूर ज्यांनी बघितला ती मंडळी आणि २००८ चा बघितलेली आमची पिढी, दोघांचं बोलणं याच मापात चालतं.

जलशास्त्रात नदीच्या काठावर किंवा पुलाच्या खांबावर आकड्यांची पट्टी रंगवलेली असते, तिच्यावरून पाण्याची पातळी वाचतात. दुतोंड्या म्हणजे लोकांनी स्वतःच ठरवलेली पट्टी. तिचे गुण बघा. ती एका जागी स्थिर आहे. लांबून दिसते. वाचायला प्रशिक्षण लागत नाही. आणि दहा जणांना विचारलं तर दहाही जण ‘कमरेपर्यंत’च म्हणतील, म्हणजे निरीक्षकांमध्ये एकमत चांगलं. कितीतरी महागड्या उपकरणांकडून एवढ्याचीच अपेक्षा असते.

मुख्य म्हणजे प्रश्न लोकांचा होता. दुकान आवरायचं का, टपरी हलवायची का, खालच्या गल्लीतल्या आजीला वर आणायचं का. उत्तर मिळालं की लगेच वापरात.

मग यात कमी काय? नोंद. कमरेपर्यंत पाणी कोणत्या तारखेला, किती वाजता होतं, हे सलग कोणी लिहून ठेवत नाही. आठवणीत फक्त मोठे पूर उरतात, गुडघ्यापर्यंतचे विसरले जातात. शिवाय पातळी म्हणजे प्रवाह नव्हे. घाटावर आणि पात्रात काँक्रीट झालं, बांधकामं झाली, तर तेवढंच पाणी आता वेगळ्या उंचीला पोहोचतं. म्हणून १९६९ ची कंबर आणि आजची कंबर यांची सरळ तुलना करता येत नाही. आधी पात्राचा छेद मोजावा लागतो, मूर्तीच्या आसपासची जमीन बदलली का ते तपासावं लागतं. हे काम विद्यापीठाचं. लोकांकडे प्रश्न आणि पट्टी दोन्ही आहेत. तारीख, वेळ आणि पात्राचं माप विद्यापीठाने जोडलं की विज्ञान पूर्ण होतं.

प्राध्यापक शिवारात जातात

आपल्याकडची विद्यापीठं आणि कॉलेजं गावात गेली ती कधी? माझ्या मते सुरुवातीचं ठळक नाव हॅरॉल्ड मॅन यांचं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हे प्राचार्य. त्यांनी सहकाऱ्यांना घेऊन पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा शेतन्‌शेत अभ्यास केला आणि तो १९१७ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मालेत प्रसिद्ध झाला. (हो, तेच पिंपळे सौदागर, जिथे आता टॉवर उभे आहेत.) त्यातला एक निष्कर्ष आजही उद्धृत होतो: १७७१ मध्ये सरासरी धारणा ४० एकर होती, १९१५ पर्यंत ती ७ एकरांवर आली. नंतर नारायणराव कानिटकरांबरोबर त्यांनी जातेगाव बुद्रुकचा असाच अभ्यास केला, तो १९२१ चा.

इथे मोठा फरक पडला होता. प्रश्नावली टपालाने गेली नाही, प्राध्यापक स्वतः बांधावर गेले. निष्कर्ष वाया गेले असंही नाही, जमिनीच्या तुकड्यांवर पुढे इलाख्यात जी चर्चा झाली तिच्यात या अभ्यासाचा आधार घेतला गेला. १९४७ मध्ये तुकडेबंदीचा कायदा आला, ज्याच्याशी आजही तलाठी कार्यालयात आपली गाठ पडते. पण प्रश्न ठरवला तो प्राध्यापकांनीच. गाव अभ्यासाचा विषय होतं, भागीदार नव्हतं.

पुढची पायरी धनंजयराव गाडगीळांची. १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली, गाडगीळ तिचे पहिले संचालक. संस्थेचा कणा होता प्रत्यक्ष पाहणी: वाई तालुक्यातल्या शेतीचा हिशेब, पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी. ही पाहणी करणारे गाडगीळ पुढे आकड्यांपाशी थांबले नाहीत. विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा गाडगीळ त्याचे अध्यक्ष झाले. १९५० मध्ये तिथे गाळप सुरू झालं. सहकाराचं पुढे काय झालं हा वेगळा विषय, पण एका संशोधकाचं ज्ञान शेतकऱ्यांच्या रोजच्या व्यवहारात उतरलं, तेही त्यांच्याबरोबर बसून. परतीची वाट आता दिसायला लागली होती.

चिमणीचं काय झालं?

आता नाशिकला परत येऊ आणि मोजणी करणारे हौशी लोक बघू. अमेरिकेत १९०० मध्ये फ्रँक चॅपमन यांनी नाताळात पक्षी मारण्याऐवजी मोजण्याची प्रथा सुरू केली. आशियात पाणपक्ष्यांची जानेवारीतली गणना १९८७ पासून होते. या जातीच्या कामात आपल्या शहराचं एक नाव जगभर गेलंय: मोहम्मद दिलावर. त्यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने २० मार्च २०१० ला पहिला जागतिक चिमणी दिवस पाळला गेला. ‘चिमण्या कमी झाल्या’ हे प्रत्येकाच्या तोंडी होतं. पण किती कमी झाल्या, कुठे, कधीपासून? आकडे नव्हते, आणि आकडे नसण्याचं कारण असं की साध्या, रोजच्या पक्ष्याची नोंद कोणी ठेवतच नाही. वाघ मोजतात, चिमणी कोण मोजणार?

ती सामान्य लोकांनीच मोजावी लागते. २०१३ पासून भारतात दर फेब्रुवारीत चार दिवस घराजवळचे पक्षी मोजायचा कार्यक्रम होतो. त्यातच कॉलेजच्या आवारातली गणनाही असते. अशा नोंदी एकत्र करून २०२० मध्ये देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल आला. १५,५०० हून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या १ कोटीहून जास्त नोंदी, ८६७ जाती. त्यात चिमणीबद्दल काय निघालं? देशभरात एकूण बघता तिची संख्या जवळपास स्थिर, पण सहा महानगरांत मात्र घट. म्हणजे शहरातल्या माणसाला जे दिसत होतं ते खरंच होतं, फक्त ते सगळ्या देशाला लागू नव्हतं. असं उत्तर कुठल्याही एका शास्त्रज्ञाला आयुष्यभर फिरूनही देता आलं नसतं.

“पण लोक चुकीचं मोजतात ना?” हा प्रश्न व्हायवाला हमखास येतो. उत्तर दोन भागांत. कोणी १० पक्ष्यांचे १२ लिहिले, कोणी ८, तर खूप नोंदींमध्ये या चुका एकमेकींना खातात. पण सगळेच एका बाजूला चुकत असतील, उदाहरणार्थ झुडपातला छोटा पक्षी सगळ्यांकडूनच सुटत असेल, तर नोंदी वाढवून काही होत नाही. ती चूक पद्धत सुधारूनच जाते. म्हणून नियम असतात: किती वेळ मोजलं ते लिहा, किती चाललात ते लिहा, दिसलेली प्रत्येक जात लिहा. आणि काहीच दिसलं नाही तर शून्य लिहा. विद्यार्थ्यांना सगळ्यात जड जातो तो हा शून्य. त्यांना वाटतं, काही सापडलं नाही म्हणजे काम झालं नाही. खरं तर पुढच्या दहा वर्षांत घट झाली की नाही हे ठरवणारी नोंद तीच असते.

नांदूर मधमेश्वर

आपल्या जिल्ह्यात याचा सगळ्यात मोठा पुरावा निफाड तालुक्यात आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा बांधला तो सिंचनासाठी. गाळ साचला, उथळ पाणी, बेटं, पाणवनस्पती तयार झाल्या आणि पक्षी आले. १९८६ मध्ये अभयारण्य झालं. सलीम अलींनी याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं, असं सांगतात. जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत नाव जाहीर झालं, महाराष्ट्रातली ती पहिली पाणथळ जागा.

रामसरचे निकष वाचले तर लक्षात येतं की त्यातले काही निव्वळ मोजणीवर उभे आहेत. एखाद्या ठिकाणी नियमितपणे २०,००० पाणपक्षी येतात का? एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकी १ टक्का पक्षी तिथे असतात का? हा १ टक्का काढायचा तर निफाडात मोजून भागत नाही. सायबेरियापासून श्रीलंकेपर्यंत त्याच दिवसांत सगळ्यांनी मोजावं लागतं, नाहीतर तोच थवा दोनदा मोजला जातो. चापडगावच्या मनोऱ्यावर थंडीत कुडकुडत दुर्बिणीला डोळा लावलेला एस.वाय.बी.एस्सी.चा विद्यार्थी त्या एवढ्या मोठ्या मोजणीतला एक डोळा असतो.

आता दुसरं माप लावू. चापडगाव, मांजरगाव, खाणगाव थडी, कोठुरे, करंजगाव या गावांचे प्रश्न काय आहेत? आवर्तन सुटलं की पाणी कधी उतरणार? वरून वाहत येणाऱ्या पाणवेली कशा थोपवायच्या? शहराचं सांडपाणी घेऊन आलेल्या नदीचं पाणी जनावरांना चालेल का? गाळ दरवर्षी किती वाढतोय? यातला प्रत्येक प्रश्न पक्ष्यांशीही जोडलेला आहे, कारण पाणी, गाळ आणि पाणवेलीच पक्ष्यांचं भवितव्य ठरवतात. तरी पक्षी मोजणारा हात या प्रश्नांकडे सहसा वळत नाही. देवळालीच्या नावाचा एक छोटा मासा आहे, देवळाली मिनो, अतिधोक्यातल्या जातींत मोडणारा. त्याच्याबद्दल विचारायचं तर थडीवरच्या मासेमाराइतका चांगला सहकारी कुठे मिळणार? पण त्याच्याकडे दुर्बीण नसते, म्हणून तो आपल्याला ‘निरीक्षक’ वाटत नाही.

रजिस्टर भरलं, पुढे?

हा मासेमारच विज्ञानाच्या मध्यावर आणायचा प्रयत्न ज्यांनी केला, ते धनंजयरावांचे चिरंजीव माधव गाडगीळ. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत असताना १९९० च्या दशकात त्यांनी पश्चिम घाटातल्या कॉलेजांच्या वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्राच्या शिक्षकांचं जाळं उभं केलं. कॉलेज जवळच्या भूभागाचा अभ्यास करणार, विद्यार्थी आणि गावकरी मिळून नोंदी करणार. त्यातून पुढे आली लोकजैवविविधता नोंदवहीची कल्पना: गावातली झाडं, मासे, वाणं, त्यांचे उपयोग, कोण वापरतं, काय कमी झालं, लोकांना पुढे काय हवंय. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेची जैवविविधता व्यवस्थापन समिती आली आणि नोंदवही हे तिचं मुख्य काम ठरलं.

दोन्ही माप पूर्ण करणारी ही योजना होती. मग झालं काय? वर्षानुवर्षं बहुतेक ठिकाणी वह्या झाल्याच नाहीत. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादाकडे गेलं. लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत दिली, नाहीतर राज्यांना महिन्याला १० लाख रुपये दंड. मुदतीच्या आगेमागे देशभर वह्या झपाट्याने तयार झाल्या. ज्या कामाला ऋतुचक्रामागून ऋतुचक्र लागावं, ते काही ठिकाणी आठवड्यांत उरकलं. समितीत असलेल्या माणसालाही आपल्या गावाच्या वहीत काय लिहिलंय हे सांगता येत नाही, असं मी स्वतः पाहिलंय.

लवादाचा हेतू चुकीचा होता असं मला म्हणायचं नाही. मुदत नसती तर कदाचित काहीच झालं नसतं. पण यातून एक धडा मिळतो: नोंद करणं हेच उद्दिष्ट झालं की नोंद होते, आणि नोंदीतून जो प्रश्न सुटायचा असतो तो बाजूला राहतो.

आता दोन क्रेडिट

हा धडा आत्ताच का आठवायचा? कारण तीच पाळी आता कॉलेजांवर आली आहे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीच्या आराखड्यात ‘क्षेत्रप्रकल्प’ आणि ‘समाजसंपर्क’ यांना क्रेडिट मिळतात. एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तासांचं काम. दोन क्रेडिट म्हणजे ६० तास. एका कॉलेजातल्या एका वर्गात ६० मुलं धरली तर ३,६०० तास. एवढा वेळ कुठल्याही संशोधन प्रकल्पाला विकत घेता येणार नाही.

पण हा खेळ आपण आधी बघितला आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे. दत्तक गाव, सात दिवसांचं शिबिर, श्रमदान, शेवटच्या दिवशी समारोप. अनेक मुलांचं आयुष्य त्याने बदललं, हे खरं. पण पुढच्या वर्षी गाव बदलतं आणि मागच्या गावात काय मोजलं होतं ते कोणाला आठवत नाही. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरण हा विषय सगळ्यांना शिकवायला सांगितला. पुढे पदवीला सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम आला, त्याचं पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरक भरुचांनी लिहिलं आणि त्यात आपल्या परिसरात जाऊन अभ्यास करण्यावर भर होता. प्रत्यक्षात काय झालं ते प्रत्येकाला माहीत आहे. सबमिशनच्या आदल्या रात्री झेरॉक्सच्या दुकानात ‘प्रदूषण’ या विषयाची तयार फाइल मिळते. फक्त पहिलं पान आणि रोल नंबर बदलायचा, बाइंडिंग करायचं, सही घ्यायची.

क्षेत्रप्रकल्पाचंही असंच होऊ शकतं. ६० मुलं गावात जातील, प्रश्नावली भरतील, आकडे घेऊन येतील, गुण मिळतील. गावाने पुन्हा एकदा उत्तरं दिलेली असतील आणि तळटीपेत पुन्हा नाव नसेल. तेव्हा निदान शाळामास्तरचं गाव तरी छापलं जायचं.

मग काय करावं?

या सगळ्या इतिहासातून मला एक गोष्ट ठळक दिसते. कॉलेजाकडे फुकटची साठ जोडी हातं आहेत हे त्याचं बळ नाहीच. कॉलेजाचं खरं बळ म्हणजे ते जागचं हलत नाही. मुलं तीन वर्षांत जातात, संशोधकाचा निधी संपतो, अधिकाऱ्याची बदली होते. कॉलेज चाळीस वर्षं त्याच तालुक्यात, त्याच नदीकाठी असतं. दरवर्षी नवी तुकडी, पण तीच जागा, तीच पद्धत, तीच वही. असं केलं तर साठ सुटे प्रकल्प होत नाहीत, साठ तासांची एक कडी मागच्या कडीला जोडली जाते.

एक उदाहरण देते, माझ्या आराखड्यातलंच. गंगापूर आणि दारणा धरणांतून पाणी सोडलं की सायखेडा-चांदोरीला पोटात गोळा येतो. २०१६ आणि २०१९ मध्ये तिथे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. विसर्ग किती क्युसेक, कधी सुरू झाला, हे जाहीर होतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. पण नदीकाठच्या दुकानदाराला क्युसेक नको असतात. त्याला हवं असतं: माझ्या पायरीला पाणी किती तासांनी लागेल?

हा प्रश्न गावाचा आहे. त्याची पद्धत सोपी आहे. गावकऱ्यांनीच सांगायचं की कोणती पायरी, कोणता खांब, कोणती भिंत महत्त्वाची. विद्यार्थ्यांनी त्या खुणांची उंची एकदा नीट मोजायची आणि खुणा रंगवायच्या. प्रत्येक पुरात खुणेला पाणी कधी लागलं ती वेळ तिथे राहणाऱ्याने लिहायची, किंवा फोटो काढायचा, फोटोत वेळ आपोआप येते. पाणी खुणेपर्यंत आलं नाही तर शून्याची नोंद. विसर्गाच्या वेळेशी ही वेळ ताडून बघायचं काम वर्गात. पहिल्या वर्षी दोन-तीन आकडे मिळतील, त्यावरून काहीच सांगता येणार नाही. तसं स्पष्ट लिहायचं. पाचव्या-सहाव्या वर्षी अंदाज येईल. दहाव्या वर्षी पूर्वसूचनेत वापरता येईल असं काही हाती असेल. आणि निकाल आधी लागायचा तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, मराठीत, नोंद ठेवणाऱ्यांच्या संमतीने त्यांच्या नावांसकट. शोधनिबंध नंतर.

गुण देतानाही मग वेगळं बघावं लागेल. फाइल किती जाड यापेक्षा मागच्या तुकडीची वही वाचली का, तिच्यातली एखादी शंका सोडवली का, पुढच्या तुकडीला वापरता येईल अशी नोंद ठेवली का, आणि गावाला काय परत दिलं. हे तपासायला शिक्षकाला वेळ लागतो. तो वेळ त्याच्या कार्यभारात धरला जात नसेल, तर कितीही चांगला अभ्यासक्रम शेवटी झेरॉक्सच्या दुकानातच पोहोचणार.

आपल्या शहरात यासाठी एक जास्तीची सोय आहे, तिच्याकडे फार कमी लोक या नजरेने बघतात. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झालं, मुख्यालय इथेच, गंगापूर धरणाच्या बाजूला. तिथला विद्यार्थी म्हणजे शेती करणारा, दुकान चालवणारा, घर सांभाळणारी, नोकरी करणारी माणसं. ‘विद्यापीठ’ आणि ‘समाज’ यांच्यात पूल बांधायचा असं आपण म्हणतो, पण इथे दोघं एकाच माणसात राहतात. कृषीचा अभ्यासक्रम करणारा शेतकरी स्वतःच्या विहिरीची पातळी दर महिन्याला मोजेल, तर तो विद्यार्थीही आहे आणि नागरिकही. त्याचा प्रश्नही त्याचाच. त्याला उत्तर परत करायला वेगळी योजनाच नको.

येत्या पावसाळ्यात गोदाघाटावर पुन्हा गर्दी होईल, मोबाइल वर होतील आणि कोणीतरी ओरडेल, “कमरेला लागलं!” तुम्ही तिथे असाल तर एक करा: तारीख आणि वेळ लिहून ठेवा. आणि तुम्ही कॉलेजात शिकवत असाल, तर मुलांना दोन क्रेडिटचा विषय देण्याआधी घाटावरच्या फुलवाल्या मावशींना विचारा, त्यांना काय मोजून हवंय.